अननसाच्या पानांचे कातडे

पुनरुत्थानाच्या रविवारी मिस्सेत जे पहिले वाचन होते, ते आपणांपैकी बहुतेकांच्या कानांवरून लहानपणापासून गेलेले असते. संत पेत्र कर्नेल्य नावाच्या रोमन शतपतीच्या घरी उभा राहून प्रभू येशूच्या मरणाची आणि पुनरुत्थानाची साक्ष देतो. परंतु पेत्र त्या घरी कोठून आला, हे फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्याचा मुक्कामाचा पत्ता अगदी टपालाच्या पत्त्यासारखा दिलेला आहे : यापो शहर, समुद्रकिनारा, कातडी कमावणाऱ्या सिमोनाचे घर. मेलेल्या टबीथेस जिवंत उठविल्यावर पेत्र पुष्कळ दिवस याच घरी राहिला आणि कर्नेल्याची माणसे घर विचारीत विचारीत याच दारात येऊन उभी राहिली.

सिमोनाचे घर समुद्रकाठी होते, यास धंद्याचे कारण असावे. कातडी कमावावयास पाणी मुबलक लागते. दुसरे, त्या कामाची दुर्गंधी कोणास सोसवत नाही. आणि तिसरे, मेलेल्या जनावरास शिवणारा माणूस यहुदी नियमाप्रमाणे विटाळलेला समजला जाई. पुढे इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात तर असा स्पष्ट नियमच आहे की, कातडी कमावण्याची जागा गावापासून पन्नास हात दूर असावी आणि तीही गावाच्या पूर्वेच्या अंगासच असावी. अशा माणसाच्या घरी प्रेषितांचा अग्रणी पाहुणा म्हणून उतरला.

आपल्या मुलखातही ही जागा गावाबाहेरच असे. चप्पल पायात हवी, मोट विहिरीवर हवी, ढोलकीस कातडे हवे. पण ते कमावणारा माणूस मात्र वेशीच्या आत नको, अशी ही रीत होती. ख्रिस्ती वस्त्यांस हा दोष कधी शिवलाच नाही, असे म्हणण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, जनावराचे कातडे मुळी नकोच, झाडापाल्यापासून कातडे करता येते, अशी बातमी अलीकडे वारंवार वाचनात येते. शहरातील दुकानांत तशा पिशव्या, पाकिटे व पादत्राणे विकावयास आलेली आहेत. कोणी निवडुंगाचे नाव घेतो, कोणी सफरचंदाच्या चोथ्याचे, कोणी अळिंबीचे. यांपैकी अननसाच्या पानांची हकीगत सर्वांत सरळ आणि समजावयास सोपी आहे, म्हणून तीच येथे विस्ताराने सांगावयाची आहे. मात्र त्याआधी खरे कातडे कसे होते, हे पाहिले पाहिजे. नाही तर पानांच्या कातड्याचा गुण कळणार नाही आणि अवगुणही कळणार नाही.

जनावराचे कच्चे कातडे ओले ठेवले तर कुजते आणि वाळविले तर लाकडासारखे ताठ होते. ते कुजू नये आणि मऊही राहावे, याकरिता जी क्रिया करतात तिला कमावणे म्हणतात. ती कोणा रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढलेली नाही. झाडाच्या साली व फळे यांच्या तुरट पाण्यात कातडे मुरविले म्हणजे ते टिकते, हे माणसास हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. हिरडा खाल्ला असता जिभेस जो आवळल्यासारखा स्पर्श होतो, तोच तुरटपणा कातड्याच्या तंतूंस घट्ट धरून ठेवतो.

बेळगाव, कोल्हापूर या सरहद्दीच्या भागात ही विद्या फार सुंदर रीतीने वाढलेली आहे. प्रथम मिठातले कातडे धुऊन चुन्याच्या हौदात काही दिवस भिजत ठेवतात. केस सैल झाले म्हणजे ते खरवडून काढतात, आतील बाजूचे मांस तासतात आणि चुना जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुतात. मग बाभळीच्या सालीच्या पाण्यात ते मुरत घालतात. खरी मौज यापुढेच आहे. त्या कातड्याच्या कडा शिवून त्याची एक मोठी पिशवी करतात, आत कुटलेली बाभळीची साल, हिरड्याची भरड आणि पाणी भरतात आणि ती पिशवी आडव्या वाशास टांगून देतात. जुन्या काळच्या भिश्त्याची पखाल ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे हे चित्र चटकन उभे राहील. पिशवीतून थेंब थेंब पाणी खालच्या भांड्यात गळते, ते पुन्हा वरून ओततात. काही दिवसांनी पिशवी उलटी करून टांगतात, म्हणजे जो भाग वर राहिला होता त्यासही रस लागतो. सारे मिळून काही आठवडे जातात. घाई करून चालत नाही; झाडाची साल माणसाच्या तारखेवर चालत नसते.

अशा कातड्याची ती प्रसिद्ध कोल्हापुरी चप्पल. परंपरेने कातडे कमाविण्याचे काम ढोर समाजाचे आणि चपला बांधण्याचे काम चर्मकार समाजाचे. तिला खिळा नाही. कातड्याच्याच वादीने ती शिवलेली असते, म्हणून तळ झिजला तर बदलता येतो आणि अंगठा तुटला तर नवा बसविता येतो. नावात कोल्हापूर असले तरी अथणी, निपाणी, चिकोडी या भागांतही ती पिढ्यान् पिढ्या होत आलेली आहे. म्हणूनच २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर अशा आठ जिल्ह्यांस मिळून मिळाले. सीमेचा वाद चपलेने तरी आपल्यापुरता मिटविला, असे म्हणावयास हरकत नाही. २०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरी प्राडा या बड्या पेढीने अगदी हाच घाट आपला म्हणून मिरविला, तेव्हा इकडून ओरड झाली आणि मूळ कोठले ते त्यांस कबूल करावे लागले.

मग बिघडले कोठे? बिघडले ते घाईने. एकोणिसाव्या शतकात असे आढळून आले की, क्रोमियम धातूच्या क्षारांनी तेच काम आठवड्यांऐवजी एखाद्या दिवसात होते. कातडे मऊ होते, पातळ होते, सारखे होते. आज जगातील बहुतांश कातडे, सुमारे पाचांपैकी चार भाग, याच रीतीने कमावले जाते. त्या अवस्थेत त्यास निळसर रंग येतो. कारखान्यांच्या अंगणांत असे निळे ओले ढीग पडलेले असतात. क्रोमियमचा जो प्रकार या कामी वापरतात, तो स्वतः तितका घातक नाही. पण विशिष्ट परिस्थितीत तो दुसऱ्या, अत्यंत विषारी प्रकारात पालटू शकतो. शिवाय चुना, मीठ, गंधकयुक्त क्षार आणि कुजके मांसकण यांनी भरलेले पाणी बाहेर पडते ते वेगळेच.

ते पाणी जाते कोठे, हे कानपूरच्या जाजमऊ भागातील लोकांस आणि तमिळनाडूतील वेल्लोर जिल्ह्याच्या शेतकऱ्यांस विचारावे. गंगेत कातडी कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध न करता सोडू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दिला. पालार नदीच्या खोऱ्यात विहिरी बिघडल्या, शेते खारावली, म्हणून तेथील नागरिक न्यायालयात गेले. त्या खटल्याचा १९९६ सालचा निकाल 'जो घाण करील त्याने भरून द्यावे' या तत्त्वाकरिता आजही कायद्याच्या पुस्तकांत शिकविला जातो. विहीर एकदा बिघडली की न्यायालयाच्या हुकुमाने ती गोड होत नाही, हे शेती करणाऱ्या वाचकांस सांगावयास नको.

हीच गोष्ट एका स्पॅनिश बाईने निराळ्या देशात पाहिली. तिचे नाव कार्मेन इहोसा. ही बाई मूळची कातड्याच्याच धंद्यातली. आयर्लंडमध्ये तिचा उंची कातडी पिशव्यांचा व्यवसाय होता. १९९० नंतरच्या दशकात फिलिपाइन्स देशाने आपल्या चर्मोद्योगाची निर्यात कशी वाढवावी, याविषयी सल्ला देण्याकरिता ती तिकडे गेली. कातडे कमाविण्याची रसायने पाण्याचे आणि कामकऱ्यांच्या अंगाचे काय करतात, हे तिने तेथे जवळून पाहिले. ज्या धंद्यावर आपण आजवर भाकरी खाल्ली तोच अधिक वाढवा, असा सल्ला देण्यास तिचे मन घेईना. तेव्हा या देशातच दुसरे काही मिळते का, म्हणून ती शोधू लागली आणि तिची नजर तेथील पुरुषांच्या सदऱ्यावर गेली.

फिलिपाइन्स हा आशियातील सर्वांत मोठा कॅथॉलिक देश. तेथे लग्नसमारंभात पुरुष 'बारोंग तागालोग' नावाचा पातळ, पारदर्शक, भरतकाम केलेला सदरा घालतात. त्यातला उंची सदरा अननसाच्या पानांच्या धाग्याचा असतो. आकलान प्रांतात, विशेषतः कालिबो गावाच्या आसपास, हे काम पिढीजात चालते. लांबट पानावरून फुटक्या चिनीमातीच्या बशीच्या तुकड्याने वरचा गर खरवडतात, म्हणजे जाडा धागा उघडा पडतो. तो काढून घेतला की त्याखालचा रेशमासारखा बारीक धागा नारळाच्या करवंटीने अलगद सोडवितात. मग एकेक तंतू हाताने गाठवून हातमागावर विणतात. युनेस्को या जागतिक संस्थेने २०२३ साली या विणकामास मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले आहे.

अननस हे फळ मूळचे ना फिलिपाइन्सचे, ना आपले. ते दक्षिण अमेरिकेचे. १४९३ साली कोलंबसाच्या लोकांनी ते ग्वादेलूप बेटावर पाहिले. स्पॅनिश लोकांनी ते फिलिपाइन्सला नेले आणि पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात आपल्या पश्चिम किनाऱ्यास आणले. अननस हा आपला शब्दही त्यांच्याच तोंडचा, आणि त्यांनी तो ब्राझीलच्या आदिवासींकडून उचललेला. बादशहा जहांगीराने आपल्या आठवणींत हे फिरंग्यांच्या बंदरांतून येणारे सुवासिक फळ म्हणून नोंदविले आहे आणि आग्र्याच्या बागेत ते हजारोंनी पिकत असल्याचे सांगितले आहे. गोव्यातील ज्या बंदरांतून मिशनरी उतरले, त्याच बंदरांतून हे काटेरी पानांचे झुडूपही उतरले. फरक इतकाच की, फिलिपाइन्समधील बायकांनी त्याचे पान विणले आणि आपण फळ खाऊन पान फेकून दिले.

इहोसाबाईंच्या मनात विचार आला तो असा : कातडे म्हणजे तरी काय? एकमेकांत गुंतलेल्या असंख्य तंतूंचे जाळे. मग पानाचे तंतू विणण्याऐवजी नुसतेच एकमेकांत गुंतविले तर? कल्पना सुचणे सोपे, ती हातात येणे कठीण. त्यात कित्येक वर्षे गेली. उतारवयात ती लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये विद्यार्थिनी म्हणून बसली, डॉक्टरेट मिळविली, आणि २०१४ साली, साठी उलटून गेल्यावर, तिने आपले कापड तेथे लोकांपुढे मांडले. त्यास नाव दिले 'पिन्याटेक्स'. ते विकण्याकरिता तिने 'अनानास अनाम' नावाची कंपनी काढली.

कृती अशी आहे. फळ काढल्यावर शेतात पाने उरतात. ती पूर्वी जाळीत किंवा कुजू देत. आता ती गोळा करून साधा यंत्ररहाट फिरवून त्यांतील धागा मोकळा करतात. उरलेला ओला चोथा खतास उपयोगी पडतो. धागा धुऊन उन्हात वाळवितात, मग त्यातील चिकट द्रव्ये काढून टाकली की तो पिंजलेल्या कापसासारखा हलका होतो. त्यात मक्याच्या साखरेपासून केलेले पॉलिलॅक्टिक आम्ल नावाचे द्रव्य मिसळतात. प्रमाण साधारण ८० भाग पान, २० भाग मका. हा पिंजा यंत्राने दाबून, गुंतवून त्याची नमद्यासारखी जाड चादर करतात. ती चादर जहाजाने स्पेनला जाते. तेथे तिला रंग व वरचा लेप देतात. एक चौरस मीटर चादरीस सुमारे ४८० पाने लागतात, म्हणजे १६ अननसांची पाने. येथे कत्तलखाना नाही, चुन्याचा हौद नाही, क्रोमियम नाही, आणि पिकाकरिता निराळी जमीन अडवावी लागत नाही, कारण अननस तर खाण्याकरिता लावलेलाच असतो. शेतकऱ्यास एकाच झाडाचे दोनदा पैसे मिळतात.

इतके ऐकल्यावर कोणीही टाळ्या वाजवील. परंतु आपण बाजारात जाणारी माणसे आहोत, आणि बाजारात जाणाऱ्याने माल उलटून पाहावा.

उलटून पाहिले तर काय दिसते? तो वरचा लेप. पानांची चादर नुसती ठेवली तर पाणी शोषून घेईल आणि घासली असता तिचे तंतू सुटतील. म्हणून तिच्यावर राळेसारखा थर चढवावा लागतो, आणि त्या थरात पॉलियुरेथेन हे खनिज तेलापासून होणारे द्रव्य असते. मक्याचे जे द्रव्य मिसळलेले असते, तेही परसातल्या खताच्या खड्ड्यात सहजी कुजत नाही. त्यास सुमारे ६० अंशांची उष्णता असलेली, मुद्दाम बांधलेली खतभट्टी लागते. म्हणजे हे कापड पुष्कळसे पानाचे आहे खरे, परंतु सर्वस्वी पानाचे नव्हे. बनविणाऱ्यांनीही ही गोष्ट दडविलेली नाही, हे त्यांच्या पक्षी सांगितले पाहिजे.

इतरांची गत याहून बरी नाही. मेक्सिकोत दोन तरुणांनी २०१९ साली निवडुंगाच्या पानांचे कातडे बाजारात आणले. निवडुंगास पाणी फारसे लागत नाही, पाने कापली तरी झाड जगते, हे सारे ठीक. पण त्यातही तीच पॉलियुरेथेनची साथ. जर्मनीतील फ्रायबेर्ग येथील एका संशोधनसंस्थेने २०२१ साली अननस, निवडुंग, सफरचंद, द्राक्षे, अळिंबी इत्यादींचे नमुने खऱ्या कातड्याशेजारी ठेवून ताणून, फाडून, वाकवून पाहिले. काही नमुने एखाद्या गुणात चांगले ठरले; परंतु कातड्याचे सारे गुण, म्हणजे बळ, वाकण्याची ताकद आणि घामाची वाफ बाहेर जाऊ देण्याचा धर्म, हे एकत्र कोणातही सापडले नाहीत. ही संस्था कातडे व प्लास्टिक यांच्याच अभ्यासाकरिता चालते, तेव्हा तिचा कल कोणीकडे असेल याविषयी वाचकांनी हवी तर शंका घ्यावी. परंतु फाटलेले कापड फाटलेलेच असते. अळिंबीच्या तंतुजालापासून 'मायलो' नावाचे कातडे अमेरिकेत तयार झाले होते. त्याचा केवढा गाजावाजा झाला! पैसा अपुरा पडल्याने त्याचे उत्पादन २०२३ साली थांबवावे लागले.

आपल्या देशातही काही हातपाय हलत आहेत. केरळात 'मलाई' या नावाने एक प्रयोग झाला : खोबऱ्याच्या कारखान्यात जे नारळाचे पाणी वाया जाते, त्यात एका जातीचे सूक्ष्म जंतू वाढवितात, पाण्यावर त्यांची जाड साय धरते, तीत केळीच्या खुंटाचे धागे मिसळून पातळ चामड्यासारखा पदार्थ करतात. फिलिपाइन्समधील लोक अशीच साय पाकात घालून 'नाता दे कोको' म्हणून खातात, ही एक गंमत. आणि कानपुरात, ज्या शहरात कातडी कारखान्यांनी गंगा काळी केली त्याच शहरात, देवळांतून नदीत टाकली जाणारी फुले गोळा करून त्यांच्यापासून उदबत्त्या व पुढे कातड्यासारखे कापडही करण्याचा उद्योग उभा राहिला आहे.

या सगळ्यांपेक्षा ज्याची खरी धास्ती वाटावी असा माल निराळाच आहे. दुकानात 'व्हेगन लेदर' असे गोड नाव लावून जे विकले जाते, त्यातील बहुतेक माल पानांचा नव्हे, फळांचा नव्हे. ते आपले जुने रेक्झीनच, नवी चिठ्ठी लावून आलेले. कापडावर पीव्हीसीचा किंवा पॉलियुरेथेनचा थर, एवढेच त्याचे घराणे. जनावर त्यात नाही हे खरे, परंतु झाडही नाही. देवळातील गुडघे टेकण्याच्या पाट्यांवर रेक्झीन मारलेले असते. पाच-सहा पावसाळे गेले की त्याचे पापुद्रे निघू लागतात आणि मिस्सा चालू असता पोरे ते नखांनी सोलीत बसतात. शाळेच्या दप्तराचीही तीच कथा. ते पापुद्रे मातीत जातात, ओढ्यात जातात, पण कुजत कधीच नाहीत. जनावरावर दया म्हणून ते घेणाऱ्याने ओढ्यातील माशाचाही विचार केला पाहिजे.

दुसरी एक गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. गाय, म्हैस, बकरे ही जनावरे मुख्यतः कातड्याकरिता पाळीत किंवा मारीत नाहीत. दूध, मांस, ओढकाम यांकरिता ती पाळली जातात आणि कातडे हा मागे उरणारा भाग असतो. तो कोणी घेतला नाही तर पुरावा किंवा जाळावा लागेल. जनावरे पाळण्याचा भार पृथ्वीवर मोठा आहे, यात संशय नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०२३ साली केलेल्या हिशोबाप्रमाणे माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या उष्णतावर्धक वायूंपैकी सुमारे १२ टक्के वायू पशुपालनातून येतात. परंतु तो भार प्रामुख्याने ताटातून येतो, पायातून नव्हे. रविवारी सोरपोतेल खाऊन सोमवारी कातडी पट्ट्यास नाक मुरडणे हे काही खरे वैराग्य नव्हे.

तेव्हा प्रस्तुत लेखकाचे मत असे की, येथे लढा जनावर विरुद्ध झाड असा नाहीच. क्रोमियमचे घाईचे कातडे आणि प्लास्टिकचे स्वस्त कातडे ही दोन्ही एका अंगास, आणि झाडाच्या रसाने शांतपणे कमावलेले कातडे व प्रामाणिकपणे केलेले पानांचे कापड ही दोन्ही दुसऱ्या अंगास. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाऊदातो सी' या विश्वपत्रात वापरा आणि फेका या वृत्तीवर जे कडक शब्द लिहिले आहेत, ते या पहिल्या जोडीस अचूक लागू पडतात. पाकीट, पुस्तकाचे वेष्टन, मिस्साग्रंथाची बांधणी, हातातील पिशवी, जेथे ओल व घासाघीस बेताची, तेथे अननसाचे कापड खुशाल वापरावे. चिखलात, दगडगोट्यांत, नांगराच्या मागे चालणाऱ्याने मात्र ते पायात घालण्याची घाई करू नये. त्या पायास अथणीची चप्पलच बरी, आणि ऐन पावसाळ्यात तीही काढून ठेवावी.

आणि त्या अथणीच्या माणसाचे काय? पानांच्या कातड्याचा गौरव करणारे लेख पुष्कळ आहेत, परंतु पिशवी टांगून आठवडेच्या आठवडे हिरड्याचा रस ओतणाऱ्या माणसाचा उल्लेख त्यांत क्वचितच सापडतो. त्याने नदी मारलेली नाही. क्रोमियमचे कातडे स्वस्त झाले तेव्हा त्याचे गिऱ्हाईक तुटले, रेक्झीनच्या चपला आल्या तेव्हा आणखी तुटले. आता 'कातडे म्हणजे पाप' अशी नवी हाक उठली तर उरलेलेही जाईल, आणि ज्या समाजास आपण शतकानुशतके त्याच्या कामाकरिता विटाळाचा समजलो, त्याच्या हातचे काम आता दुसऱ्या नावाने पुन्हा विटाळाचे ठरेल. म्हणून कातडी चप्पल घेणाराने दुकानदारास विचारावे : हे बाभूळ-हिरड्याचे आहे की क्रोमचे? कापलेली कड पाहावी. झाडाच्या रसाने कमावलेल्या कातड्याची कड आतपर्यंत तपकिरी असते. क्रोमच्या कातड्याच्या कडेत रंगाखाली पुष्कळदा निळसर करडी रेघ दिसते. आणि रेक्झीनच्या कडेत कापडाचे दोरे दिसतात. पानांचे कापड म्हणून कोणी काही दाखविले, तर त्यात पान किती आणि वरचा लेप कशाचा, हे लेखी मागावे. उत्तर न देणाऱ्याकडून माल घेऊ नये.

गोवा, केरळ, ईशान्येकडील राज्ये, जेथे जेथे अननस पिकतो तेथे पाने आजही बहुधा वायाच जातात. आपल्या लोकांनी हा धागा काढावा काय, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. धागा काढण्याचे यंत्र काही मोठे गहन नाही, आणि काम बायकांच्या मंडळांस झेपण्याजोगे आहे. परंतु ओल्या पानाच्या वजनात धागा अवघा दोन-तीन टक्के निघतो, म्हणजे शंभर किलो पाने वाहून आणावी तेव्हा दोन-तीन किलो धागा हाती लागणार. पाने वाळण्याच्या आत त्यांचे काम उरकावे लागते, तेव्हा यंत्र शेताजवळच हवे. आणि धागा म्हणजे अजून कातडे नव्हे. पुढील चादरीचे व लेपाचे काम भांडवली कारखान्याचे आहे. ज्या धर्मग्रामातील पतपेढी किंवा महिला मंडळ या उद्योगाचा विचार करील, त्याने यंत्राची किंमत विचारण्याआधी धाग्याचा खरेदीदार कोण, तो किलोमागे काय देणार आणि किती वर्षे घेणार, हे कागदावर करून घ्यावे. गिऱ्हाईक न मिळाल्याने धूळ खात पडलेली शिवणयंत्रे आणि पापडयंत्रे आपल्या सभागृहांच्या मागल्या खोल्यांत आधीच पुष्कळ आहेत.